सैल जबडा

“हे इतकं सैल कुणी ठेवलं हो?” दुकानातल्या कारागिराने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्की आडवी करून फडक्याने पुसायला घेतली. त्याच्या दिवसभरातल्या शंभर प्रश्नांतला हा एक. पण तिच्या आत काहीतरी पडलं. भरल्या घरात सगळे आपापल्या कामात असताना फडताळावरची ताटली आपसूक खाली यावी, आणि पडल्यावरही बराच वेळ गोल फिरत वाजत राहावी, तसं. ती आली होती फक्त कडांना धार लावून घ्यायला. तीन हिवाळे स्की दाराआड उभ्या होत्या, कडांवर गंज चढला होता, आणि पुढच्या महिन्यात ती डोंगरावर जाणार होती. एकटी. हा शब्द तिने अजून कुणाला मोठ्याने सांगितला नव्हता. “मी जाऊन येईन म्हणते,” एवढंच ती बोलायची, आणि ‘एकटी’ जिभेखाली गोळीसारखा विरघळत ठेवायची.

“सैल म्हणजे?”

“हे बघा ना.” त्याने स्कीच्या मधोमध बसवलेल्या दोन लोखंडी तुकड्यांवर बोट ठेवलं. एक तुकडा बुटाचं नाक धरतो, दुसरा टाच. दुकानात त्याला बाइंडिंग म्हणतात. तिच्या घरात त्याला जबडा म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात नवरा म्हणाला होता, तू दिवसभर कवळ्या करत लोकांचे जबडे बसवतेस, तुझा हा एवढा मी बसवतो. तेव्हापासून तेच नाव पडलं. जबड्याला एक स्क्रू असतो, स्क्रूच्या शेजारी इवलीशी खिडकी, आणि खिडकीत काटा. कारागीर म्हणाला, “काटा कुठे आहे बघा. हे शिकाऊ माणसाचं माप झालं. पहिल्यांदा बर्फावर उभं राहणाऱ्याचं. तुम्ही शिकाऊ आहात?”

“नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “म्हणजे, हो. कितीतरी वर्षं जातो आम्ही, पण मला जमतच नाही. जरा जोरात वळले की स्की निघून जाते पायातून.”

“निघणारच. दार उघडं टाकून घरात बसायचं आणि वाऱ्याने उडालो म्हणून स्वतःलाच बोल लावायचा.” तो हसला. “तुमच्यात नाही हो खोट, ताई. ह्याच्यात आहे. काटा दोन घरं पुढे सरकवू?”

“आणि फार घट्ट झालं तर?”

“तर पडताना सुटत नाही. स्की एकीकडे, माणूस भलतीकडे, आणि मधल्यामधे गुडघा. जोर लागला की सुटलं पाहिजे, आणि जोर लागल्याशिवाय सुटता कामा नये. एवढंच त्याचं सगळं.” त्याने खिशातून पेचकस काढला. “फिरवू?”

“नको,” ती म्हणाली, इतक्या घाईने की तिचं तिलाच नवल वाटलं. “राहू दे. घरी बघतो आम्ही.”

“घरी करणार असाल तर बूट घालून, पाय पिळून बघा. कुणाला तरी स्की धरायला सांगा मात्र. एकट्याचं काम नाही ते.”

स्की खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला शहर वाट देतं, पण प्रेमाने नाही. टोक कुणाच्या डोळ्यात जाईल म्हणून लोक अंग चोरतात, आणि आपण वळलो की मागचं टोक कुठे लागेल याची धास्ती आपल्याला. तिला हे माहीतच नव्हतं. आजवर दोघांच्याही स्की त्याच्याच खांद्यावर असत, आणि ती मागून दोघांचे बूट गळ्यात अडकवून चालत असे. आज खांद्याचं हाड दुखत होतं, गार हवा नाकात शिरत होती, दुकानांच्या काचांतून एक बाई दोन लांब शिंगं घेऊन तिच्या सोबतीने चालली होती, आणि तिच्या डोक्यात कारागिराचं एकच वाक्य ताटलीसारखं फिरत होतं: तुमच्यात नाही खोट. हे वाक्य ऐकून हलकं वाटायला हवं होतं. उलट जड वाटत होतं. इतकी वर्षं स्वतःबद्दल जे धरून ठेवलं, ‘मी काय बाई, मला नाही जमत,’ ते तिच्या अंगाला बसलं होतं, जुन्या स्वेटरसारखं, कोपरावर विरलेलं आणि तरी ऊबदार. कारागिराने एका बोटाने ते काढून घेतलं होतं, आणि थंडी तर ऐन भरात होती.

तो, तिचा नवरा, गाडी चालवायला शिकवायचा. गल्लीत सगळे त्याला मास्तर म्हणत. शिकून गेलेले लोक रस्त्यात गाडी थांबवून काच खाली करत आणि मास्तर, बघा, अजून कुणाला ठोकलं नाही, म्हणून ओरडत. शिकाऊ गाडीत त्याच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या हातात चाक, डोळ्यांत भीती, आणि मास्तर शेजारी शांत बसलेला, पाय ब्रेकवर हलका ठेवून, जसा म्हाताऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवावा. त्या ब्रेकमुळे आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. पण तो पाय घरीही यायचा. ती कढईत तेल जास्त ओतू लागली की खुर्चीखाली त्याचा पाय दाबला जाई. मुलगी पहिल्यांदा परगावी शिकायला निघाली तेव्हा फलाटावर उभ्या उभ्या त्याने बूट इतका दाबला की टाच घसरली, मुलगी खिडकीतून हसून म्हणाली, “बाबा, ही गाडी तुमच्या ब्रेकची नाही!” सगळे हसले. तोही हसला. पाय मात्र उचलला नाही.

डोंगरावर तो पुढे असे आणि ती मागे. पहिल्या वर्षापासूनचा शिरस्ता. “माझ्या पाठीवर नजर ठेव. मी वळलो की वळ, मी थांबलो की थांब. बाकी काही बघू नकोस, बघितलंस की बिचकशील.” तिने बाकी काही बघितलं नाही. त्याच्या लाल जाकिटाची पाठ तिला तोंडपाठ होती: खांद्याखालची आडवी शिवण, डाव्या बाजूला तिनेच जाड दोऱ्याने लावलेलं ठिगळ, वळताना उजव्या बगलेत पडणारी चुणी. दर हिवाळ्यात तो लाल रंग थोडा थोडा विटत गेला, आणि ती त्या विटण्याच्या मागोमाग डोंगर उतरत राहिली. तिची आई शिवणयंत्रावर बसली की दोन दोन ओळी रचून म्हणायची. कुठे लिहिल्या नाहीत, पायाखालची पट्टी थांबली की ओळीही थांबायच्या. मुलीचं सासर बघून आल्यावर एकदा ती फ्रॉकला झालर लावता लावता म्हणाली होती,

पुढं चाले त्याची पाठ, मागं चाले माझी दिठी,
वाट सरली गं बाई, रान राहिलं ते पाठी.

तेव्हा तिला वाटलं होतं, आई स्वतःचंच काहीतरी म्हणते आहे. मागच्या आठवड्यात डोंगरावरच्या लॉजला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, “दरीकडची खोली देऊ की उताराकडची?” तिथे दरी आहे हे तिला आठवेना. इतक्या वेळा गेलेल्या गावात दरी आहे की नाही, हे न सांगता येणाऱ्या बाईला काय म्हणावं? “कुठलीही चालेल,” ती म्हणाली. “एकीला काय, कुठलीही.”

जिन्यातच मेणाचा वास आला. मास्तरने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी इस्त्री तापवून ठेवली होती, शेजारी मेणाची वडी, खाली वर्तमानपत्रं. दुखरा पाय समोरच्या खुर्चीवर लांब टाकून तो तिची वाटच बघत होता. “आणल्यास? आण इकडे. धार बरी लावली का त्याने? बोलघेवडा आहे तो, हात कमी चालतो.” त्याने कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, नखाचा बारीक भुगा निघाला तसा खूश झाला. ती कोट न काढता उभी राहिली. स्क्रूबद्दल विचारायचं होतं. वाक्य जिन्यातच तयार केलं होतं: अहो, तो म्हणत होता की... पण त्याने इस्त्रीवर मेणाची वडी टेकवली, थेंब थेंब स्कीच्या तळावर पडू लागले, त्याचं तोंड असं एकाग्र आणि लहान झालं, की वाक्य गिळावं लागलं. तिच्या कामावरही मेण असतं, गुलाबी, दिव्यावर मऊ करून दातांखाली घालायचं. लग्नाच्या नव्या नवलाईत तो म्हणायचा, आपण दोघं मेणाची माणसं. तेव्हा ते छान वाटायचं.

“मी जाऊन येईन म्हणते,” असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा तो फार पटकन म्हणाला होता, “जा की. जायलाच पाहिजे. माझा पाय गेला म्हणून तुझे का बांधून ठेवायचे?” आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने ते जाणं हातात घेतलं. डोंगराचा नकाशा भिंतीवर आला. त्यावर पेन्सिलीचे बाण आले. पहिल्या दिवशी इथून, दुपारी इथे चहा, दुसऱ्या दिवशी हा उतार, पण ऊन चढायच्या आत. “इथे डावीकडे एक खडक आहे, वरून दिसत नाही, मी नेहमी इथे आधीच उजवं धरतो,” तो डोळे मिटून सांगायचा, आणि टेबलाखाली त्याचा चांगला गुडघा वाकायचा, सरळ व्हायचा, वाकायचा. तो उतरत असायचा. भाजी चिरता चिरता ती बघायची: तिच्या नवऱ्याच्या मिटल्या पापण्यांवरून बर्फ वाहतं आहे. त्या वेळी तिला त्याची इतकी माया यायची की हातातली सुरी थांबायची. आणि लगेच मागून तो दुसरा विचार, मांजरासारखा, पायात पायात येणारा: सहल माझी, आणि उतरतो आहे हाच. मी जाईन ते पुन्हा याच्या पाठीमागेच. फक्त या वेळी पाठ पेन्सिलीची असेल.

जेवताना नणंदेचा फोन आला. मास्तरची मोठी बहीण. तिच्या फोनला वेळकाळ नसे आणि प्रस्तावनाही नसे. मास्तरने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, त्याला जेवण थांबवायचं नव्हतं.

“ऐकते ते खरं का गं? एकटीच निघालीस म्हणे?”

“हो ताई. थोडे दिवस.”

“आणि हा?”

“हा इथेच आहे, जेवतोय,” मास्तर तोंडात घास घेऊन म्हणाला.

“तू गप रे. मी तिच्याशी बोलतेय. अगं, ज्या डोंगराने नवऱ्याचा पाय खाल्ला त्याच डोंगरावर जायचं म्हणजे... लोक काय म्हणतील ते सोड, तुझं मन कसं धजतं? त्या दिवशी तुझी ती पट्टी का काय ती निघाली नसती, तर ह्याला मागे वळून बघायला लागलं असतं का?”

“ताई!” मास्तर म्हणाला.

“खरं तेच बोलते. कडू लागतं.”

“मी काय अंथरुणाला खिळलोय? माझं मी करून खातो. तू तुझा फोन ठेव.”

फोन बंद झाला. दोघं जेवत राहिली. उठून ताट ठेवायला जाताना तो रोजच्यापेक्षा जरा जास्त लंगडला, आणि आपण जास्त लंगडलो हे लक्षात येऊन परत येताना जरा कमी. तिने दोन्ही पाहिलं.

निघाली नसती तर. तीन हिवाळे हे वाक्य तिने नणंदेआधीच स्वतःला ऐकवलं होतं, आणि नणंदेपेक्षा कडू करून. शेवटच्या वळणावर तिची स्की पुन्हा निघाली, ती बसकण मारून बर्फात पडली, आणि खाली लाल पाठ वळली. लाल पाठीच्या जागी तोंड आलं. एवढंच. ती येते आहे का हे बघायला तो चालत्या वेगात मागे वळला, आणि त्याची स्की आधीच ठरलेल्या वाटेने पुढे गेली. त्याचा जबडा उघडला नाही. तो आपला जबडा घट्ट ठेवायचा, अगदी वरच्या घरात; “मी जोरात जातो, मला सैल चालत नाही,” म्हणायचा. डॉक्टरांनी गुडघ्याचं चित्र उजेडासमोर धरलं तेव्हा तिला त्यात आपलंच नाव लिहिलेलं दिसलं होतं. माझ्यामुळे. माझं काही धड नसतं त्यामुळे. आता कारागिराचं बोट त्या इवल्या खिडकीवर टेकलं होतं आणि सगळी साखळी एक एक कडी करून उलट्या बाजूने ओढली जात होती: तो वळला, कारण ती पडली, ती पडली, कारण स्की निघाली, स्की निघाली, कारण... आणि इथे ती थांबायची. त्या कडीला हात लावला की ती तापलेली लागायची.

दुसऱ्या दिवशी कामावर तिच्या हातून काही नीट होईना. दातांची ती प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, उत्तरेच्या खिडक्या, प्लास्टरची पांढरी धूळ, आणि बिजागरीवर उघडमीट करणारे रांगेने मांडलेले जबडे, ज्यांची तोंडं तिने कधी पाहिली नव्हती. शेजारी बसणारीला सगळे बडबडी म्हणत. तोंडावर मास्क असूनही तिचं तोंड बंद नसे.

“मास्तरांनी सोडलं म्हणे तुला एकटीला?”

“सोडायला मी काय गाय आहे?”

“तसं नाही गं. माझा नवरा मला भाजीला एकटी सोडत नाही. म्हणतो, तू महाग आणतेस.” बडबडी हसली, मग मास्कवरच्या डोळ्यांनी नीट बघून म्हणाली, “काय झालंय? सकाळपासून तोच दात घासतेयस. नाहीसा होईल तो.”

तिने पाहिलं, खरंच. तिने वरखालच्या दातांमध्ये निळा कागद ठेवला, जबडा मिटला, टक टक केलं. जिथे दात जास्त उंच असतो तिथे निळा ठिपका उमटतो; तेवढंच घासायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. हे काम तिला येत होतं. तिच्यासारखं इथे कुणाला येत नव्हतं, असं मोठे डॉक्टरही म्हणत. घट्ट कवळी हिरड्या सोलते आणि सैल कवळी हसताना बाहेर येते, आणि या दोहोंच्या मधे केसाएवढी जागा असते, ती तिच्या बोटांना कळायची. मग स्वतःच्या पायाखालचं सैल इतकी वर्षं कसं कळलं नाही? की कळत होतं? वर्षानुवर्षं सैल कवळी वापरलेली माणसं तिने पाहिली होती. ती एका बाजूने चावायला शिकतात, तोंडावर हात ठेवून हसायला शिकतात, आणि पुढे तीच त्यांची तऱ्हा होते. त्यांना नीट बसणारी कवळी दिली की दुसऱ्या दिवशी परत येतात. टोचते म्हणतात. जुनीच द्या.

कारण एक गोष्ट तिने कारागिराला सांगितली नव्हती, सांगण्यासारखी नव्हतीच. स्की निघाली की काय व्हायचं ते. ती बर्फात बसून राहायची. लाल पाठ खाली थांबायची, वळायची, आणि तो एक एक पाऊल आडवं टाकत, धापा टाकत, उतार चढून वर यायचा. निसटलेली स्की उचलून आणायचा. तिच्यासमोर गुडघ्यावर बसायचा. तिचा पाय हातात घेऊन बुटाच्या तळव्याला चिकटलेलं बर्फ आपल्या उघड्या अंगठ्याने खरवडून काढायचा, अगदी खाचेतलंसुद्धा, एखाद्या मुलाचं नाक पुसावं तसं. कारण बर्फ राहिलं तर जबडा नीट बसत नाही. मग पाय जागेवर ठेवून खालून वर बघायचा. “दाब.” ती दाबायची. खट. त्या ‘खट’मध्ये जे होतं ते घरात कुठेच नव्हतं, ना बिछान्यात, ना वाढदिवसाला. घरात तो शेजारी असायचा, पुढे असायचा. फक्त तिथे, तिची स्की निघाल्यावर, तो समोर असायचा. त्याच्या पापण्यांवर दव गोठलेलं असायचं. आता तिला प्रश्न पडला होता की ते सुख त्या सैल स्क्रूचं होतं का, आणि स्क्रू पिळला तर जुनं सगळं सुख मागे जाऊनही पिळलं जाईल का. हातातला जबडा टक टक मिटत होता. निळे ठिपके वाट्टेल तिथे उमटत होते.

आणि दरी आठवली ती बसमध्ये, घरी परतताना, दांडा धरून उभी असताना. काही कारण नव्हतं. बस पुलावर चढली, खिडकीखालची जमीन एकदम खोल गेली, आणि त्या खोलातून ते सगळं वर आलं. पहिला हिवाळा. दुसरा की तिसरा दिवस. ती त्याच्या मागे होती आणि मग नव्हती; कशी कोण जाणे, तिने जोरात वळण घेतलं, स्की धरून राहिली, अगदी हाताने धरावी तशी, आणि लाल पाठ जवळ आली, बाजूला आली, मागे गेली. पुढे कुणी नव्हतं. पुढे पांढरी, निळी, मोठी, कधी न संपणारी दरी होती, वारा तोंडात शिरून दातांना लागत होता आणि ती ओरडत होती, कशाला ओरडत होती ते आता आठवेना, पण ते हसणं होतं. खाली पोचून ती किती वेळ एकटी उभी होती. अंगातून वाफा निघत होत्या. तो आला तेव्हा त्याचं तोंड बर्फापेक्षा पांढरं होतं. तिला वाटलं होतं, शाबासकी देईल. संध्याकाळी लॉजच्या खोलीत तो तिच्याकडे पाठ करून बराच वेळ खाली बसला होता, काय करताय विचारलं तर म्हणाला, “तुझा जबडा बघतो जरा.” स्क्रू फिरल्याचा बारीक किरकिर आवाज झाला होता. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर तिची स्की निघाली. तो वर चढत आला. अंगठ्याने बर्फ खरवडलं. आणि दरी मिटली, एखादं पान मिटावं तशी, इतक्या वर्षांसाठी. बसमधल्या मागच्या माणसाने “उतरताय ना?” विचारलं तेव्हा तिचा थांबा निघून गेला होता.

रविवारी दुपारी खिडकीतून ऊन आत आलं होतं. मास्तर नकाशासमोर उभा राहून शेवटच्या दिवसाचा बाण खोडून दुसरीकडे वळवत होता. ती बाहेरच्या खोलीत गेली, सतरंजी गोळा करून बाजूला सारली, स्की जमिनीवर ठेवली, आणि हत्यारांच्या डब्यातून पेचकस काढून खाली बसली. स्क्रू फिरायला घट्ट होता; कुणी इतक्या वर्षांत हलवला नव्हता. मग किरकिर झाली. तो आवाज तिने ओळखला. स्वयंपाकघरात पेन्सिल थांबली.

तो दारात येऊन उभा राहिला. “काय करतेस?”

“दोन घरं पुढे घेते. दुकानातल्याने सांगितलंय.”

“त्याला काय कळतं?”

तिने पेचकस आणखी फिरवला. खिडकीतला काटा एका घरातून सरकून दुसऱ्यात गेला, मग तिसऱ्यात. टाचेकडचाही तिने तसाच सरकवला.

“अगं, पाय मोडेल. माझं बघितलंस ना काय झालं?”

“तुमचं अगदी वरच्या घरात होतं. माझं मधे आहे.” मग तिने मान वर केली. रागाने विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज निघाला तो साधा, मीठ कुठे ठेवलंय विचारावं तसा. “तुम्हाला माहीत होतं ना, हे शिकाऊ माणसाचं आहे ते?”

तो दाराच्या चौकटीला रेलला. दुखरा पाय उचलून चांगल्या पायावर भार दिला. खालून कुणीतरी मास्तर, आहात का, अशी हाक मारली. त्याने उत्तर दिलं नाही.

“तू दिसेनाशी झाली होतीस,” तो म्हणाला.

एवढंच. कधी, कुठे, काही नाही. तिनेही विचारलं नाही. म्हणजे तोही त्या दिवशीच होता इतकी वर्षं. ती दरी विसरली होती, आणि त्याला दरीशिवाय काही आठवत नव्हतं. भीती होती का ती? की ती पुढे गेली याचं दुःख? हे दोन वेगळे करता येत नाहीत, तिला वाटलं, निदान त्याला तरी आले नसावेत. ब्रेकवरच्या पायाला कुठे माहीत असतं, आपण कुणाला वाचवतो आहोत. तिला त्याचा राग आला, खूप, जुना, हिरडीच्या आत मुरलेला. आणि रागाच्या तळाशी तोच उघडा अंगठा होता, थंडीने लाल झालेला. दोन्ही तिथेच राहिलं. एकाने दुसऱ्याला पुसलं नाही.

तिने बूट घातला, कड्या लावल्या. पाय स्कीवर ठेवून दाबला. खट. आवाज वेगळा होता, भरीव. “पाय पिळून बघायचं असतं,” ती म्हणाली. “स्की कुणी तरी धरावी लागते.”

त्याने खुर्चीवरची उशी घेतली, जमिनीवर टाकली, एक हात भिंतीला लावून, दात आवळून खाली बसला. वाकडा गुडघा बाजूला काढून, चांगला उशीवर टेकवून. दोन्ही हातांनी स्की धरली. तिला वरून त्याचा माथा दिसला. मधोमध विरळ झालेले केस, खाली गुलाबी कातडी, लहान मुलासारखी. टोपीखाली इतकी वर्षं हे असं होत आलं होतं.

तिने पाय पिळला. जबडा हलला नाही.

“बस झालं,” तो म्हणाला. “लागेल तुला.”

“धरा.”

“अगं पण...”

“घट्ट धरा. तुम्ही सैल सोडलंत तर मला कळणार कसं?”

त्याने धरली. मनगटांच्या शिरा वर आल्या. तिने पुन्हा पिळला, मांडीपासून, कमरेपासून, सगळी वर्षं लावून; त्याचे हात थरथरले पण सुटले नाहीत, स्की जमिनीवर करकरली, तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि जबडा उघडला. पाय मोकळा झाला. ती झोक जाऊन भिंतीला टेकली. दोघंही धापा टाकत होती.

“सुटलं,” तो म्हणाला. स्की अजून त्याच्या हातातच होती.

“जोर लागला तेव्हा सुटलं.”

तो मान हलवत राहिला. मग त्याने तिचा पाय हातात घेतला आणि बुटाचा तळवा उलटा करून त्यावरून अंगठा फिरवू लागला, खाचेखाचेतून, पुढून मागे, नीट. तिथे काही नव्हतं. खोलीभर कोरडं ऊन होतं. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा अंगठा टाचेपाशी थांबला, आणि तिथेच राहिला.

तिने थोडा वेळ राहू दिला. मग हळूच पाय सोडवून घेतला, स्कीवर ठेवला, त्याच्या ‘दाब’ची वाट न बघता दाबला, आणि वर बघणाऱ्या त्याला म्हणाली, “दरीकडची खोली घेते. उद्या फोन करून सांगते त्यांना.”